आधी बोट बोलतं

‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, ‘ट’ म्हणताना ती टाळूकडे वळते. आपल्याला हा फरक उघड वाटतो, पण इंग्रजीत वाढलेल्या प्रौढ माणसाला तो नुसत्या कानाने पकडणं फार जड जातं. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी हिंदीतले हे दोन ध्वनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना ऐकवले. ध्वनी बदलला हे ओळखून बाळाने मान वळवली की शेजारचं खेळणं नाचू लागायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांत मात्र तो फार थोड्यांना ओळखता आला. म्हणजे धड एक शब्दही न बोललेल्या मुलांनी आपल्या घरच्या भाषेला कोणते आवाज लागतात, कोणते लागत नाहीत, याची निवड वर्षाच्या आतच उरकून टाकली होती!

भाषेचं बरंचसं काम असं तोंड उघडण्याआधी होतं. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं निरर्थक अक्षरांची एक सलग धार ऐकवली. मध्ये विराम नाही, आवाजाचा चढउतार नाही. तेवढ्यात बाळांनी कोणती अक्षरं वारंवार जोडीने येतात हे हेरलं, आणि त्या धारेतून ‘शब्द’ वेगळे काढले.

दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून घर हवालदिल होतं, तेव्हा मोजदाद फक्त बाहेर आलेल्या शब्दांची होते. माझं म्हणणं एवढंच, की आत काय साठलं आहे तेही तितक्याच बारकाईने पाहावं. आणि ते पाहण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे मुलाचं बोट.

वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवू लागतं. बिस्किटाकडे दाखवतं तेव्हा त्याला बिस्किट हवं असतं, हे सरळ आहे. पण ते पंख्याकडे, खिडकीतल्या कावळ्याकडे, आकाशातल्या विमानाकडे बोट करतं आणि मग वळून आईच्या चेहऱ्याकडे बघतं, तेव्हा त्याला काहीच नको असतं. ‘तूही बघ’ एवढंच सांगायचं असतं. समोरच्या माणसाला स्वतःचं मन आहे, त्या मनाचं लक्ष आपल्याला वळवता येतं, हे त्याला उमगलेलं असतं. संवादाचा सगळा पाया यात आला. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दाखवलं, की मुलं ज्या वस्तू आधी हाताने दाखवतात त्यांचीच नावं काही महिन्यांनी तोंडी येतात. बाबांच्या चपलेकडे बोट करून ‘बाबा’ म्हणणारं मूल खरं तर दोन शब्दांचं वाक्यच बोलत असतं. एक शब्द हाताचा, एक तोंडाचा. अशा जोड्या ज्यांनी आधी केल्या, तीच मुलं दोन शब्द जोडून आधी बोलू लागली.

म्हणून दोन न बोलणारी मुलं सारखी नसतात. एकाला सांगितलेलं सगळं समजतं, ते बोट दाखवतं, हात धरून ओट्याकडे नेतं. दुसरं नावाने हाक मारली तरी वळत नाही, काही दाखवायला आणत नाही. पहिल्याच्या बाबतीत आशेला भरपूर जागा आहे. दुसऱ्याला एक महिनाही थांबवू नये. आधी येत असलेले शब्द गळून गेले, तर कोणत्याही वयात तातडीने दाखवावं.

दोन वर्षांचं मूल पन्नासपेक्षा कमी शब्द बोलत असेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यावं, हा लेस्ली रेस्कोर्ला यांच्या १९८९ च्या कामातून रूढ झालेला निकष. दहा ते वीस टक्के मुलं त्यात बसतात. त्यांतली बरीचशी शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात, सगळी येत नाहीत. मोजताना ‘भूभू’, ‘काऊ’, ‘हम्मा’, ‘भुर्र’ हेही धरावेत. तेही शब्दच. अशोक केळकरांनी १९६४ साली मराठी बाळबोलीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली बाळबोली तपासली, त्यातही मराठी होती. बेंगळुरूतल्या घरात आजीची मराठी, पाळणाघरातली कन्नड आणि खाली खेळताना ऐकलेली हिंदी असेल, तर तिन्हींचे शब्द एकत्र मोजायचे. एकाहून अधिक भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही. ‘घरात आता फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला ऐकून आजीला गप्प बसवणं मला क्रूर वाटतं. आपल्याशी सर्वांत जास्त बोलणारं माणूसच मूल त्यात गमावतं.

नातेवाईक म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला. दोन्हींत तथ्य आहे. पण घरात असा इतिहास असणं हे तपासणीचं कारण, थांबण्याचं नव्हे. कुणी जिभेला वेखंड आणि मध लावायला सांगतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, आणि अडचण बहुधा जिभेत नसतेच. ती पुष्कळदा कानात असते. थाळी वाजवली की वळतं म्हणून ऐकू येतं, असं समजू नये. थाळी ऐकू येऊनही ‘स’, ‘श’ हे बारीक ध्वनी निसटू शकतात. वारंवारच्या सर्दीने पडद्यामागे पाणी साठलं तरी बोलणं अस्पष्ट ऐकू येतं. ओएई आणि बेरा या कानाच्या तपासण्यांत मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, ते झोपलेलं असलं तरी चालतं.

मोबाईलबद्दल एक प्रयोग पुरेसा आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेचे ध्वनी ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. बाळाला आवाजापेक्षा प्रतिसाद हवा असतो: त्याने हुंकार दिला की कुणीतरी वळलं पाहिजे.

चांगले स्पीच थेरपिस्ट यावरच काम करतात. साबणाचे फुगे उडवतात, मग बाटलीचं झाकण घट्ट लावून मुलाच्या हातात देतात आणि थांबतात. मूल बाटली पुढे करतं, बघतं, ‘ऊं’ करतं. हे मागणं झालं, आणि त्याला लगेच उत्तर मिळतं: ‘उघडू? उघडलं!’ ‘बोल बघू, काय हे?’ असा प्रश्नांचा मारा तिथे नसतो. मूल जे बघतंय त्याचंच नाव घ्यायचं आणि उत्तरासाठी आपल्याला अवघडल्यासारखं होईल इतकं थांबायचं. आईबाबांनाही हेच शिकवतात, कारण थेरपी आठवड्यातून एखादा तास असते आणि आंघोळ, जेवण, चपला घालणं रोजचं.

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचा, दोन्हींची तपासणी होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि त्याच्या तपासणीत वाढीतला उशीरही येतो. पथक आलं की ‘कमी बोलतो’ एवढ्यावर थांबू नका. काय समजतं, कशाकडे बोट करतो, हाक मारल्यावर वळतो का, हेही सांगा, आणि कानाच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या.