खोडदच्या तबकड्या आणि डोळ्याचा पडदा

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची ओळख जुन्नर-आंबेगावकरांना नव्याने करून द्यायला नको. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पांगवण्यामागे ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचा हिशेब होता : तरंगलांबी मोठी, तर बारकावे टिपायला दुर्बीणही तितकीच रुंद हवी. हाच हिशेब डोळ्यालाही लागू आहे. डोळ्याच्या पडद्याचे चित्र घ्यायचे ते बाहुलीच्या खिडकीतून, आणि थेंब घालून विस्फारलेली बाहुली सहा-सात मिलिमीटरची. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी लहान, म्हणून त्याला एवढी रुंदी पुरते. त्यातून दोनेक मायक्रॉनची शंकुपेशीही ओळखू यायला हवी. आड येतात ते डोळ्याच्याच पारपटलाचे आणि भिंगाचे दोष. अशाच अडचणीवर, हवेमुळे थरथरणाऱ्या ताऱ्यांसाठी, खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये उपाय सुचवला होता : प्रकाशातला बिघाड मोजायचा आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी तो डोळ्यावर लावला आणि जिवंत माणसाच्या पडद्यावरच्या पेशी स्पष्ट दिसल्या.

ही झेप थोरच. पण लोणी-धामणीकडच्या मधुमेही शेतकऱ्याची नजर वाचवायला एवढी सूक्ष्मता लागत नाही. आपल्याकडची ग्रामीण नेत्रसेवा मोतीबिंदूवर उभी राहिली, आणि नारायणगावच्या डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ मध्ये मिळालेली पद्मश्री हा त्या परंपरेचाच सन्मान आहे. मात्र पिकलेला मोतीबिंदू बॅटरीच्या उजेडातही दिसतो. साखरेने पोखरलेला पडदा बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, आणि नजर अंधुक होईतो बरेच नुकसान झालेले असते. तिथे हवा पडद्याचे छायाचित्र घेणारा साधा फंडस कॅमेरा, तोही गावापर्यंत येणारा. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मोबाइलवरचा कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय चालणारी संगणकीय छाननी तपासली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पाठवण्याजोगा विकार असलेला एकही रुग्ण त्यातून सुटला नाही. ही शंभर टक्क्यांची बातमी मला तेवढ्याने पटत नाही. असे रुग्ण होते अवघे १५. म्हणून संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरी क्षमता ७८ टक्क्यांइतकी खालीही असू शकते. उरलेल्या १९८ जणांपैकी २३ जणांना यंत्राने विनाकारण धोक्याच्या यादीत घातले.

यावर आक्षेप येईल की, खेड्यातला माणूस एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवून शहरात जाणार आणि तिथे ‘काही नाही’ ऐकून परतणार. मग पुढच्या वेळी तो येईल कशाला? आक्षेप खरा आहे. पण चुकीच्या फेरीने बुडालेला रोज भरून निघतो, उशिरा कळलेल्या विकाराने गेलेली नजर बहुधा परत येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : सपाट छायाचित्रात पडद्याच्या मध्यावरची सूज निसटू शकते, ती ओसीटी या यंत्राने दाखवलेल्या पडद्याच्या उभ्या छेदातच नीट कळते. मान्य, म्हणूनच ओसीटी तालुक्याच्या ठिकाणी हवी आणि कॅमेरा गावात. या दोन यंत्रांच्या मध्ये आणखी एक गोष्ट लागते, तिची चर्चा फारच कमी होते, ती म्हणजे नावांची वही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्याची एकदाच होते, आणि शिबिराची सारी घडी त्यावर बसलेली आहे. मधुमेह्याचा पडदा मात्र दर वर्षी पाहावा लागतो. गेल्या वर्षी कोण आले होते आणि यंदा कोण आले नाही, हे त्या वहीत पाहून न आलेल्याच्या घरी निरोप धाडणारे कुणीतरी गावातच असावे लागते.