मनातले ओठांवर येऊ द्या

धम्मवर्ग, अभ्यासिका, जयंतीची वर्गणी या कामांत आपली मुले-मुली आज बरोबरीने वावरतात. त्यातून दोघांची मने जुळतात. त्याला ती आवडते, तिलाही तो आवडतो, पण आधी बोलायचे कोणी? तो म्हणतो, ‘ती नाही म्हणाली तर मंडळात तोंड कसे दाखवू?’ ती म्हणते, ‘मुलीने आधी बोलले तर लोक काय म्हणतील?’ अशी दोन-दोन वर्षे जातात. मग तिला बघायला पाहुणे येतात, तारीख ठरते आणि हा तिच्याच लग्नात पंगत वाढत फिरतो! वधू-वर सूचक केंद्राचे काम करताना अशा जोड्या आम्ही पाहिल्या आहेत.

जिथे जात आडवी येते तिथे ही भीती नुसत्या नकाराची नसते, जिवाची असते. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये एका १७ वर्षांच्या दलित मुलाची हत्या झाली. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याला मारल्याचे ते प्रकरण. २०१७ मध्ये खटल्यातील नऊ आरोपी निर्दोष सुटले. अशा ठिकाणी गप्प राहणाऱ्याला भित्रा कोण म्हणेल? तेथे मुलांच्या पाठीशी संघटनेनेच उभे राहिले पाहिजे.

पण आपल्याच वस्तीत, आपल्याच विहारात ही भीती का असावी?

बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत १५ एप्रिल १९४८ रोजी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. तेव्हा बाबासाहेबांना ५७ वर्षे पूर्ण झाली होती, प्रकृती ढासळली होती. लग्नाविषयी बाबासाहेबांनी स्वतःच विचारले, असे माईसाहेबांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. एवढा मोठा माणूस, पण त्यांनीही शब्द टाकला आणि उत्तराची वाट पाहिली. विचारण्यात कमीपणा नाही, हे आपण यातून शिकावे.

तरुणांनो, विचारायचे तर स्वतः विचारा, एकदाच आणि स्पष्ट विचारा. मुलीने विचारले तरी त्यात काही वावगे नाही. नकार आला तर तो मानाने स्वीकारा. नंतर मागे फिरणे, मोबाईलवर निरोपांचा मारा करणे हे प्रेम नव्हे, तो शीलभंग आहे.

आता पालकांना दोन शब्द. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. योग्य जोडीदाराशी मुलांचा विवाह लावून देणे हे त्यांतले एक. पण योग्य कोण, हे मुलांना न विचारता कसे कळणार? स्थळाचा बायोडेटा हाती घेण्याआधी मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारा, ‘तुझ्या मनात कोणी आहे का?’ आणि उत्तर ऐकताना आवाज चढवू नका.

पत्रिका आणि मुहूर्त आपण १९५६ च्या धम्मदीक्षेबरोबर सोडले. एवढा एक प्रश्न विचारायचा संकोचही आता सोडू या.