गहूं वर्ज्य असलेल्यांचा बाजारहाट व रोजचें जेवण

महाराष्ट्रांत पूर्वीं बहुतेक घरीं भाकरी हें रोजचें अन्न व गव्हाची पोळी हें सणावाराचें अन्न असे. आतां गहूं रोजच्या ताटांत आला आहे, आणि लहान मुलांस व आजाऱ्यांस तोच मानवतो अशी समजूत रूढ आहे. बहुतेकांच्या बाबतींत तींत कांहीं बिघडत नाहीं. परंतु कांहीं माणसांच्या शरीरास गहूं मुळींच सोसत नाहीं. या विकारास सीलियाक असें म्हणतात. त्यावर पथ्यावांचून दुसरा खात्रीचा उपाय नाहीं, आणि तें पथ्य जन्मभर पाळावें लागतें. पथ्यास लागणारें धान्य आपल्याच शेतांत पिकतें. मात्र तें निर्भेळ असेल तरच उपयोगी पडतें. म्हणून हा विषय जितका वैद्यांचा, तितकाच शेतकऱ्यांचाही आहे.

रोगाचें स्वरूप

कणकेचा गोळा पाण्याखालीं धूत राहिलें असतां पांढरें सत्त्व वाहून जातें व हातांत रबरासारखा चिवट गोळा उरतो. हेंच ग्लूटेन. याच्याच योगानें पोळी पातळ लाटतां येते व पाव फुगतो. याच जातीचीं द्रव्यें जव व राय या धान्यांतही असतात. ज्यांच्या ठिकाणीं या विकाराची उपजत प्रवृत्ति असते, त्यांपैकीं कांहींच्या शरीराची संरक्षक शक्ति ग्लूटेन पोटांत गेल्यावर स्वतःच्याच लहान आंतड्यावर उलटते. आंतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. ते झिजतात व खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं.

मूल वाढत नाहीं, पोट फुगतें, वरचेवर जुलाब होतात. मोठ्या माणसांत कित्येकदां पोटाची तक्रार नसतेच. लोहाचें औषध घेऊनही रक्त वाढत नाहीं, हाडें ठिसूळ होतात, थकवा जात नाहीं. उत्तर भारतांत शंभरांत सुमारें एका माणसास हा विकार असल्याचें पाहणींत आढळलें आहे. दक्षिणेंत प्रमाण पुष्कळच कमी आहे.

गहूं हा या रोगाचा कारक आहे, हें हॉलंडमधील बालवैद्य विलेम डिके यांनीं १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत दाखविलें. आतां रक्ताच्या तपासणीनें व आंतड्याच्या अस्तराचा सूक्ष्म तुकडा पाहून निदान होतें. येथें एक सूचना महत्त्वाची आहे: तपासणीपूर्वीं आपल्या मनानें गहूं सोडूं नये. गहूं सोडल्यावर रोगाच्या खुणा पुसट होतात व निदान चुकतें.

किती गहूं बाधतो?

एका पोळींत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतें. रोज केवळ ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा सुमारें पन्नासावा हिस्सा, तीन महिने पोटांत गेल्यानें अंकुरांस इजा झाल्याचें प्रयोगांत दिसून आलें आहे. सरकारी नियमाप्रमाणें 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकावयाच्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये. याचा अर्थ आपल्या भाषेंत असा कीं, किलोभर ज्वारींत गव्हाचे पांच-सहा दाणे राहून दळले गेले, तर मर्यादा संपली.

बाजारहाट

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी व कडधान्यें, दूध, अंडीं, मासे, मांस, भाज्या व फळें हीं सर्व जात्याच निर्धोक आहेत. उपासाचे बहुतेक पदार्थ अशा माणसास बाराही महिने चालतात. दळलेलें पीठ सुटें घेऊं नये. दुकानांत एकच माप सर्व पिठांत फिरतें. अखंड धान्य घ्यावें व सुपांत पाखडून, ताटांत निवडून घ्यावें.

रवा, मैदा, शेवया, दलिया व बिस्किटें हीं गव्हाचीं हें उघडच आहे. खरा धोका छुप्या गव्हाचा. बाजारी हिंगांत पुष्कळदां कणीक वा मैदा घातलेला असतो. मेतकूट, थालिपिठाची भाजणी व सातूचें पीठ यांत गहूं असतो. कुरडई गव्हाच्या सत्त्वाची असली तरी तींत ग्लूटेन राहतें. माल्ट हें जवाचें असतें. डब्यावरील घटकांची यादी दर वेळीं वाचावी, कारण बनविणारा घटक बदलतो.

खपली गव्हासंबंधानें एक गैरसमज पसरत आहे. खपली पचावयास हलकी म्हणून ती या रोग्यांस चालते, असें कांहीं विक्रेते सांगतात. तें खोटें आहे. खपली, बन्सी व शरबती हे सर्व गहूंच. सर्वांत ग्लूटेन आहे.

दळण व स्वयंपाक

गांवच्या गिरणींत गव्हामागून ज्वारी दळली कीं पाळूंत व सुपड्यांत राहिलेली कणीक तींत उतरते. म्हणून घरचें जातें किंवा लहान घरगुती चक्की या धान्यांपुरती राखून ठेवावी. हें न जमल्यास ज्यांच्या घरीं गहूं वर्ज्य आहे अशीं चार कुटुंबें मिळून एक चक्की घेऊं शकतात. परात, पोळपाट-लाटणें, तवा व पिठाचा डबा निराळा असावा. ज्या कढईंत पुऱ्या तळल्या, त्याच तेलांत साबुदाणेवडे तळूं नयेत.

जेवण गरिबीचें होईल ही भीति व्यर्थ आहे. भाकरी-पिठलें, घावन, आंबोळी, वरणभात, नाचणीची आंबील, तांदळाची उकड, हें सर्व चालतें. हाडें ठिसूळ झालेल्यांस नाचणी विशेष हितकर; शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पंगतींतील शिरा व प्रसादाचा सांजा मात्र हात जोडून परत करावा, आणि यजमानानेंही आग्रह करूं नये. आग्रहाच्या एका घासानें मुलाचें महिन्याचें पथ्य वायां जाऊं शकतें.

शेतकऱ्याचें काम

भेसळीचा आरंभ पुष्कळदां खळ्यावरच होतो. रब्बी ज्वारी व गहूं यांची काढणी जवळपास एकाच वेळीं, फेब्रुवारी-मार्चांत येते; मळणी यंत्र एकच, ताडपत्री एकच व पोतींही मागल्या सालचीं. यासाठीं पुढील गोष्टी कराव्या:

१. ज्वारीची मळणी आधीं करून घ्यावी. तें शक्य नसेल, तर यंत्र रिकामें चालवून झाडावें व पहिला मण-दोन मण माल जनावरांकरितां बाजूस काढावा.
२. गव्हाचीं पोतीं ज्वारीस वापरूं नयेत, नवीं घ्यावीं.
३. साठवण निराळ्या कणगींत किंवा कोठींत करावी.
४. बाजरी व नाचणी हीं खरिपाचीं पिकें गव्हापूर्वींच घरांत येतात. त्यांस भीति कोठाराची व गिरणीचीच, तेवढी संभाळावी.

प्रयोगशाळेंतून तपासून घेतल्यावांचून कोणींही आपल्या मालावर 'ग्लूटेनमुक्त' असें लिहूं नये. घेणाऱ्याचा त्या शब्दावर पूर्ण भरंवसा असतो. परंतु तपासणी करून निर्भेळ ज्वारी-बाजरी देणारा शेतकरी, अथवा असे दहा शेतकरी मिळून स्थापिलेली संस्था, यांस कायमचें गिऱ्हाईक मिळेल यांत संशय नाहीं. ज्या धान्यास आपण गरिबाचें म्हणून कमी लेखीत आलों, त्यावर या माणसांचें आरोग्य अवलंबून आहे. तें त्यांच्यापर्यंत स्वच्छ पोंचविणें हें आपल्या हातीं आहे.