घर नवं, बिऱ्हाड जुनंच!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० हवं. त्यामुळे बऱ्याच जणांच्या डेस्कटॉपमध्ये सध्या नवा मदरबोर्ड येतोय. दुकानदार म्हणतो, "विंडोज फ्रेश मारून देतो की!" थांबा राव! फ्रेश म्हणजे तुमची सॉफ्टवेअर्स, सेव्ह केलेले पासवर्ड, मराठी टायपिंगचं सेटिंग, सगळ्याला रामराम. मग जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डला जोडली तर?

एक्सपीच्या जमान्यात निळा स्क्रीन यायचा. नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसला की बिचाऱ्या एक्सपीला स्वतःचीच डिस्क दिसायची नाही. १० आणि ११ मात्र बरेच मनमिळाऊ. पहिल्या बूटला नवं हार्डवेअर ओळखत जरा रेंगाळतात, एखाद-दोनदा रिस्टार्ट होतात आणि बहुतेक वेळा तुमचा जुना वॉलपेपर समोर हजर!

खरी गोची किल्ल्यांची. बिटलॉकर चालू असेल तर डिस्कची किल्ली जुन्या टीपीएमकडे असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर फोटो, फाइल्स, सगळं कुलूपबंद. मायक्रोसॉफ्टही ते उघडून देऊ शकत नाही. आणि गंमत म्हणजे हे कुलूप कधीकधी आपोआप लागलेलं असतं, आपल्याला पत्ताच नसतो. म्हणून स्क्रू काढण्याआधी की कागदावर उतरवा, बिटलॉकर सस्पेंड करा. बॅकअप तर हवाच, ते काय सांगायचं!

जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल तर फक्त यूईएफआय चालणाऱ्या नव्या बोर्डवर ती बूटच होणार नाही. विंडोजमधलंच एमबीआर-टू-जीपीटी हे टूल डेटा न पुसता ती बदलून देतं. हेही आधीच उरकलेलं बरं.

लायसन्सचं काय? रिटेल असेल तर ते आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललंय' असं सांगता येतं. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र जुन्या बोर्डशीच बांधलेलं असतं, तेव्हा नव्याचा खर्च बजेटमध्ये धरा.

मशीन आधीच रडतखडत चालत असेल, तर माझं मत दुकानदाराच्या बाजूने. तो कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

आणि हो, जुना बोर्ड प्रोसेसरसकट आठवडाभर तरी भंगारात देऊ नका. कुलूप अडलंच, तर तो परत बसवून डिस्क उघडता येते.