स्थलांतरित कुटुंबे आणि शिक्षणाचे पर्याय : भनपुरीच्या निमित्ताने

इ. स. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूर येथे वास्तव्यास होते. त्यांचे कुटुंबही तेथे आले. मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या काळी रायपुरात त्याच्यायोग्य शाळा नव्हती, त्यामुळे घरीच वडिलांशी होणाऱ्या चर्चांतून त्याचे शिक्षण झाले, असे चरित्रकार नमूद करतात. १८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले आणि नरेंद्राचे शालेय शिक्षण पुन्हा सुरू झाले. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला परिचित झालेल्या या मुलाचे नाव आज रायपूरच्या विमानतळाला दिलेले आहे.

विद्वान पिता आणि असामान्य बुद्धिमत्ता लाभल्यामुळे नरेंद्राची ती दोन वर्षे वाया गेली नाहीत. सर्वसामान्य कुटुंबाला हा दिलासा नसतो. पालकाची बदली झाली, कारखान्यात नवी नोकरी लागली अथवा रोजगारासाठी गाव सोडावे लागले, की मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न घराच्या भाड्याइतकाच तातडीचा होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी व्यक्ती आपल्या पूर्वीच्या वास्तव्याच्या ठिकाणापासून अन्यत्र राहत होत्या. स्थलांतराच्या कारणांमध्ये ‘कुटुंबासोबत स्थलांतर’ असे एक कारण जनगणनेत नोंदविले जाते. शाळकरी मुले प्रामुख्याने याच रकान्यात येतात. स्थलांतराचा निर्णय त्यांचा नसतो. मात्र त्याचे परिणाम त्यांना दीर्घकाळ भोगावे लागतात.

भनपुरी : स्थलांतरितांची वसाहत

छत्तीसगढच्या राजधानीच्या उत्तर भागात, रायपूर–बिलासपूर मार्गावर भनपुरी हा औद्योगिक परिसर आहे. उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे याच दिशेला आहेत. लगतच्या बिरगावला आज स्वतंत्र महानगरपालिका आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, गोदामे आणि मालवाहतूक यांवर येथील अर्थव्यवस्था उभी आहे. जवळच रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना व त्याची वसाहत आहे. येथे केंद्र सरकारचा कर्मचारी, खाजगी कारखान्यातील अभियंता, ट्रकचालक आणि कंत्राटी कामगार अशी अगदी भिन्न स्तरांतील कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि १८५४ मध्ये नागपूर राज्याबरोबरच ते ब्रिटिश राजवटीत विलीन झाले. पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांताचा भाग होते, त्याची राजधानी नागपूर होती. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ साली स्थापन झाले. १९३८ मध्ये छत्तीसगढ महाविद्यालय सुरू होईपर्यंत उच्च शिक्षणासाठी रायपूरच्या तरुणाला नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागे.

आज चित्र पालटले आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९५६), वैद्यकीय महाविद्यालय (१९६३), पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ (१९६४) आणि इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ (१९८७) ही पायाभरणी राज्यनिर्मितीपूर्वीच झाली होती. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर राजधानी झाल्यावर तिला वेग आला. हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ (२००३), अभियांत्रिकी महाविद्यालयाचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर (२००५), भारतीय व्यवस्थापन संस्था (२०१०) आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (२०१२) हे त्याचे ठळक टप्पे होत. खुद्द भनपुरीत केंद्रीय पेट्रोकेमिकल्स अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच ‘सिपेट’चे केंद्र आहे. दहावीनंतर पदविका व कौशल्य प्रशिक्षणाचा मार्ग तेथे खुला होतो.

संस्थांची संख्या वाढली, म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबाचा प्रश्न सुटला असे मात्र नव्हे. संस्था शहरात असणे आणि त्या संस्थेत प्रवेशास पात्र असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

अमेरिकन अर्थतज्ज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये असा सिद्धांत मांडला की, स्थानिक स्वराज्य संस्था निरनिराळ्या दर्जाच्या सेवा देतात आणि नागरिक आपल्या पसंतीची सेवा जेथे मिळेल तेथे वास्तव्यास जातात. जणू ते पायांनी मतदान करतात. या सिद्धांताची गृहीतके कठोर आहेत : नागरिकाला संपूर्ण माहिती असावी, स्थलांतराला खर्च नसावा आणि रोजगाराचे बंधन नसावे. भनपुरीत येणाऱ्या कुटुंबाला यांपैकी एकही गृहीतक लागू पडत नाही. येथे नोकरी ठिकाण ठरवते, भाडे वस्ती ठरवते आणि वस्ती शाळा ठरवते.

म्हणूनच आपल्या संदर्भात कळीची संकल्पना ‘हक्कांची सुवाह्यता’ ही आहे. नागरिक एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला असता त्याचा हक्कही त्याच्यासोबत जातो काय, हा तो प्रश्न. अन्नधान्याच्या बाबतीत ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली आणि हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. शिक्षणात मात्र सुवाह्यता टप्प्याटप्प्याने घटत जाते.

पहिली ते आठवी : कायद्याचे संरक्षण

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि त्यानुसार संमत झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. स्थलांतरित कुटुंबांच्या दृष्टीने त्यातील पुढील तरतुदी विशेष महत्त्वाच्या आहेत.

कलम ५ नुसार राज्यांतर्गत अथवा राज्याबाहेर, कोणत्याही कारणास्तव शाळा बदलावी लागल्यास बालकाला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दाखला सादर करण्यास उशीर झाला, हे नव्या शाळेत प्रवेश लांबविण्याचे वा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. कलम ४ नुसार शाळेत कधीच न गेलेल्या अथवा मधेच शाळा सुटलेल्या बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नसल्याच्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे.

या हक्काच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. कलम ५ मधील बदलीचा हक्क शासकीय व अनुदानित शाळांपुरता आहे. विनाअनुदानित खाजगी शाळा आणि केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय यांसारख्या विनिर्दिष्ट प्रवर्गातील शाळा त्यातून वगळल्या आहेत. कलम १२ अन्वये खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी किमान २५ टक्के जागा असतात. परंतु हा प्रवेश त्या शाळेच्या प्रारंभिक वर्गात आणि परिसरातील बालकांनाच दिला जातो. चौथीत शिकणाऱ्या मुलाला घेऊन आलेल्या कामगाराला त्याचा लाभ होत नाही. आदल्या गावी मिळालेली अशी जागाही नव्या शहरात सोबत येत नाही.

केंद्रीय विद्यालये : सुवाह्यतेचा आदर्श, मर्यादित वर्तुळात

बदलीमुळे शिक्षणात पडणारा खंड टाळण्यासाठी केंद्र सरकारने एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. १९६३ पासून सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांत देशभर एकच अभ्यासक्रम, एकच माध्यमव्यवस्था आणि एकच शैक्षणिक वर्ष असते. पालकाची बदली झाल्यास एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात प्रवेश सुलभतेने मिळतो. भनपुरीनजीकच्या डब्ल्यू.आर.एस. वसाहतीत रायपूरचे क्रमांक एकचे केंद्रीय विद्यालय आहे.

प्रवेशाचा अग्रक्रम मात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना असतो आणि अन्य नागरिक या क्रमात शेवटी येतात. रेल्वे कारखान्यातील तंत्रज्ञाच्या मुलीला जी सातत्याची हमी मिळते, ती पलीकडच्या रोलिंग मिलमधील कंत्राटी कामगाराच्या मुलीला मिळत नाही. वास्तविक, अधिक अस्थिर रोजगार दुसऱ्या कुटुंबाचा आहे.

नवोदय विद्यालयांची (१९८६) रचना वेगळी आहे. सहावीच्या निवड परीक्षेसाठी विद्यार्थी त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावा लागतो आणि ग्रामीण जागांसाठी तिसरी ते पाचवीचे शिक्षण ग्रामीण शाळेत झालेले असावे लागते. चुकीच्या वर्षी झालेले स्थलांतर ही संधी हिरावून घेऊ शकते.

माध्यमाचा प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे रायपुरात प्रामुख्याने हिंदी व इंग्रजी हे पर्याय असतात. मराठी व हिंदीची लिपी एकच असल्याने प्राथमिक स्तरावर हिंदी माध्यमातील संक्रमण तुलनेने सुकर होते; विज्ञान-गणिताच्या बऱ्याच संज्ञाही समान आहेत. २०२० पासून सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद शाळांनी शासकीय क्षेत्रात इंग्रजी माध्यमाचा पर्याय दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्याक बालकांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. परंतु विखुरलेल्या वस्तीत एका वर्गाला पुरेशी पटसंख्या मिळणे कठीण असते. अशा स्थितीत मातृभाषेच्या जतनाचा भार घर व मंडळे यांनाच वाहावा लागतो.

नववी ते बारावी : सर्वांत नाजूक टप्पा

आठवीनंतर शिक्षण हक्क कायद्याचे छत्र सरते. छत्तीसगढने २०१९ मध्ये २५ टक्के जागांवरील विद्यार्थ्यांना बारावीपर्यंत मोफत शिक्षण देण्याचा निर्णय घेतला, तो या दृष्टीने स्वागतार्ह होता. पण बाहेरून आलेल्या किशोरवयीन विद्यार्थ्याची अडचण निराळी असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ नववी-दहावी व अकरावी-बारावी हे दोन वर्षांचे सलग अभ्यासक्रम मानते. त्यामुळे थेट दहावीत वा बारावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणास्तवच आणि मंडळाच्या मान्यतेने मिळतो. ज्याच्या हाती बदलीचा आदेश असतो, त्याला हा मार्ग सोपा. नोकरी सुटल्याने शहर बदललेल्या कामगाराकडे असा कागद नसतो. त्याच्या पाल्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (१९८९) हा एक मान्यताप्राप्त पर्याय उरतो. खंड पडून शिक्षण सुटण्यापेक्षा तो निश्चितच श्रेयस्कर आहे.

उच्च शिक्षण : अधिवासाचे गणित

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते विद्यार्थी बारावी कोठून उत्तीर्ण झाला यावरून. नागपूरचा विद्यार्थी रायपुरातून बारावी झाल्यास रायपूरच्या संस्थेसाठी तो ‘स्वराज्यातील’ ठरतो आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसाठी ‘परराज्यातील’.

वैद्यकीय शिक्षणात गणित अधिक बिकट होते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उर्वरित ८५ टक्के राज्य कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रात त्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी व बारावी दोन्ही राज्यातून उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे; शासकीय सेवेतील बदलीसारख्या काही अपवादांची तरतूद आहे. छत्तीसगढमध्ये तेथील स्थानिक निवासी असणे आवश्यक ठरते. नागपुरात दहावी आणि रायपुरात बारावी झालेला खाजगी नोकरदाराचा मुलगा ना इकडचा, ना तिकडचा अशा स्थितीत सापडू शकतो. ‘एम्स’मध्ये राज्य कोटा नसल्याने तेथे त्याला समान संधी आहे, पण स्पर्धा अखिल भारतीय पातळीवरची आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल प्रकरणात वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांतील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. पदवीपूर्व स्तरावर मात्र ते कायम आहे.

सामाजिक आरक्षणाचेही असेच आहे. मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध अधिष्ठाता, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज (१९९०) या मुंबईशी संबंधित खटल्यात घटनापीठाने निर्णय दिला की, अनुसूचित जाती व जमातींची यादी राज्यनिहाय असल्याने एका राज्यातील व्यक्तीला स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात तो दर्जा आपोआप मिळत नाही. केंद्रीय संस्थांमध्ये मूळ राज्याच्या प्रमाणपत्रावर आरक्षण मिळते. राज्याच्या महाविद्यालयात ते मिळत नाही.

माहितीची विषमता : ११२ विद्यापीठांचा धडा

नवख्या शहरात संस्थेचा दर्जा जोखणे अवघड असते. छत्तीसगढच्या २००२ च्या खाजगी विद्यापीठ कायद्यान्वये केवळ अधिसूचनेद्वारे विद्यापीठ स्थापन करता येत होते आणि अल्पावधीत ११२ विद्यापीठे अस्तित्वात आली. त्यांतील अनेकांकडे इमारत वा अध्यापकवर्गही नव्हता. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. उच्च शिक्षणाचा दर्जा राखणे हा संघ सूचीतील नोंद ६६ चा विषय आहे, हा मुद्दा त्यात निर्णायक ठरला. विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून अशा संस्था अन्य विद्यापीठांशी संलग्न करण्याची वाटही न्यायालयाने दाखविली. प्रवेशापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता पडताळणे किती अगत्याचे आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

पुढील दिशा

अलीकडील सुधारणांनी विद्यार्थ्यांच्या नोंदी सुवाह्य केल्या आहेत. २०२१ पासूनची शैक्षणिक श्रेयांक पेढी आणि ‘अपार’ हा विद्यार्थी ओळख क्रमांक यांमुळे गुण व श्रेयांक विद्यार्थ्यासोबत प्रवास करू शकतात. पात्रता मात्र अद्याप राज्याच्या सीमेवर अडते. संघराज्य व्यवस्थेत राज्यांनी आपल्या रहिवाशांना प्राधान्य देणे समर्थनीय आहे. कारण त्या संस्थांचा खर्च राज्याचा करदाता उचलतो. तथापि, स्थलांतरित कामगारही त्या राज्याच्या उत्पन्नात भर घालतो आणि तेथेच अप्रत्यक्ष कर भरतो.

म्हणून तीन उपायांचा विचार व्हावा. माध्यमिक स्तरावरही कलम ५ सारखा बदलीचा वैधानिक हक्क असावा. शासकीय बदलीला मिळणारी सवलत खाजगी व असंघटित क्षेत्रातील कामगारांच्या पाल्यांनाही मिळावी. भविष्य निर्वाह निधी वा ई-श्रम नोंदणी हा त्यासाठी पुरावा मानता येईल. आणि दोन राज्यांच्या अटींत अडकलेल्या विद्यार्थ्याला किमान एका राज्यात पात्रता मिळेल, अशी परस्परमान्यता राज्यांनी स्वीकारावी.

अनुच्छेद १९ ने नागरिकाला भारतात कोठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्या स्वातंत्र्याचा वापर आई-वडिलांनी करावा आणि त्याचे मोल मुलांनी चुकवावे, ही स्थिती बदलल्याशिवाय ते स्वातंत्र्य परिपूर्ण म्हणता येणार नाही.