सायकलचे सुटे भाग : बाजारातून घ्यावेत की मोबाईलवरून मागवावेत?

सायकल दुरुस्तीच्या धंद्यावर आपल्या समाजातील पुष्कळ घरांची चूल पेटते. भांडवल थोडे, जागा टपरीएवढी आणि शिक्षण उस्तादाच्या हाताखाली झालेले. या धंद्यात गेल्या काही वर्षांत नव्या तऱ्हेचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते सायकलबरोबर एक खोकेही घेऊन येते. खोक्यात मोबाईलवरून मागविलेला टायर असतो, चेन असते किंवा ब्रेकचे शू असतात. "चाचा, एवढे बसवून द्या, मजुरी काय ती सांगा," असे म्हणून ते उभे राहते आणि कारागिराच्या कपाळाला आठ्या पडतात. काही जण "बाहेरचा माल आम्ही बसवीत नाही" म्हणून त्याला वाटेला लावतात. काही नाइलाजाने बसवून देतात, वीस-तीस रुपये घेतात आणि दिवसभर कुढत राहतात. आमच्या मते या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत.

मुळात आठ्या का पडतात ते पाहू. आपल्या दुकानांचा हिशेब वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने चालत आला आहे. मजुरी नावापुरती घ्यायची आणि खरी कमाई मालावर करायची. समजा, टायर घाऊक बाजारातून दोनशेला आणला आणि गिऱ्हाइकाला दोनशे साठला बसवून दिला. त्या साठ रुपयांत चाक काढण्याचे काम आले, ट्यूब तपासण्याचे आले, रिमचा थोडा आउट काढण्याचेही आले. गिऱ्हाइकाला मात्र वाटते की बसवून तर फुकटच दिले! आता तोच टायर तो स्वतः घेऊन आला की साठ रुपये गेले आणि काम तेवढेच राहिले. राग येतो तो याचा. पण दोष गिऱ्हाइकाचा नाही. आपली मेहनत आपणच मालाच्या किमतीत लपवून ठेवली होती. माल दुसरीकडून येऊ लागला तेव्हा ती उघडी पडली, एवढेच.

यावर उपाय म्हणजे मजुरीची पाटी. पंक्चर, आउट काढणे, आरे बदलून चाक बांधणे, ब्रेक, चेन आणि ओव्हरहॉलिंग, प्रत्येक कामाचा दर लिहून ती पाटी दुकानात दिसेल अशी टांगावी. (ओव्हरहॉलिंगला पुष्कळ पाट्यांवर 'ओव्हरऑइलिंग' म्हटलेले असते. काम तेलाचेच असल्यामुळे त्याबद्दल कोणाची तक्रार ऐकिवात नाही.) माल आपला असो वा गिऱ्हाइकाचा, मजुरी तीच ठेवावी. आपला माल घेतल्यास थोडी सवलत द्यावी, ती आपल्या हातात आहे. केस कापण्याची, कपडे शिवण्याची मजुरी लोक न कुरकुरता देतात, कारण तेथे ती पहिल्यापासून उघड होती. आपल्याकडे सुरुवातीला घासाघीस होईल हे आम्ही जाणतो, पण दर लिहिलेला असला की ती लवकर संपते.

गिऱ्हाईक मोबाईलकडे का वळले, याचाही प्रामाणिक विचार व्हायला हवा. ते केवळ स्वस्ताईसाठी गेलेले नाही. साधा लोकल माल कंपनीचा म्हणून कंपनीच्या भावाने विकणारे आपल्यातही आहेत. बिल मागितले की तोंड फिरविणारेही आहेत. छापील किमतीपेक्षा जास्त घेणारे तर थेट कायद्याच्या विरुद्ध वागतात. मोबाईलवर भाव दिसतो, बिल मिळते आणि माल परत करण्याची सोय असते. या गोष्टी आपण दिल्या असत्या तर निम्मी गिऱ्हाइके हलली नसती. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. त्यानंतरही जुन्याच भावाला चिकटून बसलेला दुकानदार स्वतःच गिऱ्हाइकाच्या हातात मोबाईल देत असतो.

असे असले तरी सायकलचा सुटा भाग म्हणजे साबणाची वडी नव्हे. तो जुळावा लागतो, आणि येथे कारागिराची खरी किंमत कळते. मोबाईलवर माल मिळतो, माप मिळत नाही.

टायरचेच पाहा. "२६ इंची टायर" असे लिहून मागविले तर काय येईल हे सांगणे कठीण आहे. लेडीज सायकलला लागणारा २६ × १⅜ आणि जाड टायरच्या रेंजर पद्धतीच्या सायकलला लागणारा २६ × २.१२५ हे दोन्ही २६ इंचीच म्हणविले जातात. पण पहिल्याची रिमवर बसणारी कड ५९० मिलिमीटर व्यासाची असते आणि दुसऱ्याची ५५९ मिलिमीटर. एकतीस मिलिमीटरचा फरक कोणत्याही पान्याने भरून निघत नाही. आपली जुनी काळी सायकल २८ × १½ ची, म्हणजे ६३५ मिलिमीटरची. मोबाईलवर "२८ इंच" असे टाइप केले की बहुधा गियरच्या सायकलींचा ७००-सी टायर पुढे येतो. तो ६२२ मिलिमीटरचा असतो. फरक फक्त तेरा मिलिमीटरचा, म्हणून फोटोत दिसत नाही, पण रिमवर चढविताना चांगलाच कळतो. प्रत्येक चांगल्या टायरच्या बाजूवर ४०-६३५ किंवा ३७-५९० असा जोड आकडा छापलेला असतो. पहिला आकडा जाडीचा आणि दुसरा कडेच्या व्यासाचा. इंचांवर विसंबू नये, हा दुसरा आकडा पाहून माल घ्यावा. दुकानात शिकणाऱ्या पोराला पंक्चर शिकविण्याआधी हा आकडा वाचायला शिकवावे, असे आम्ही म्हणू.

रिमच्या बाबतीत भोके मोजावी लागतात. काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात. रेंजर पद्धतीच्या सायकलींत बहुधा दोन्हीकडे ३६ असतात. हब जुने आणि रिम नवी असेल तर भोके जुळायलाच हवीत. त्यानंतर आऱ्यांची लांबी ठरते, आणि ती हब, रिम आणि विणण्याची पद्धत या तिन्हींवर अवलंबून असते. घरबसल्या आरे मागविणाऱ्याने हे सारे मोजलेले असते असे समजण्याचे कारण नाही.

चेनची गोष्ट आणखी नाजूक आहे. सर्व सायकल चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते, त्यामुळे वरवर सगळ्या सारख्याच दिसतात. फरक आतल्या रुंदीत असतो. साध्या सायकलची चेन १/८ इंच रुंद आणि गियरच्या सायकलची ३/३२ इंच. अरुंद चेन जाड दात्यांवर बसतच नाही. रुंद चेन गियरवर चढविली तर ती नीट सरकत नाही.

पण चेनच्या बाबतीत खरे भांडण मापावरून होत नाही, झिजेवरून होते. गिऱ्हाईक नवी चेन आणते, आपण ती बसवून देतो, आणि दुसऱ्या दिवशी ते परत येते. म्हणते, "चेन उड्या मारते, तुम्ही नीट बसविली नाही." वास्तविक जुनी चेन ताणली जाताना फ्रीव्हीलचे दातेही तिच्या मापाने झिजलेले असतात, त्यांच्यावर नवी चेन बसत नाही. हे भांडण स्टीलच्या एका पट्टीने टळते. चेन ताणून धरून एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करावी. बाराव्या इंचावर बरोबर पिनचा मध्य आला तर चेन धडधाकट आहे. पिन १/१६ इंच पुढे सरकलेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. १/८ इंच सरकली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलही बदलावे लागणार. हे मोजमाप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करावे आणि मगच हात घालावा. ते फ्रीव्हीलला नाही म्हणाले तर तसे बिलावर लिहून ठेवावे.

मागचे गियरही फोटोवरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. चुड्यांवर फिरवून बसणारे फ्रीव्हील आणि खाचांवर सरकवून बसणारी कॅसेट ही चित्रात जुळी भावंडे दिसतात, पण एकीच्या हबवर दुसरी बसत नाही. डिस्क ब्रेकच्या पॅडचेही तसेच आहे. त्यांचे आकार अनेक असतात, म्हणून जुना पॅड काढून नव्यावर ठेवून पाहिल्याशिवाय पाकीट फोडू नये.

तर मग कोणता माल कोठून घ्यावा? आमचा अनुभव असा, की काळी सायकल, लेडीज सायकल आणि मानव विकास कार्यक्रमाखाली ग्रामीण भागातील आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या साध्या सायकली यांचा माल स्थानिक घाऊक बाजारातच घेण्यात फायदा आहे. कॉटर पिन, कप, कोन, छर्रे, ब्रेकचे रबर, वालट्यूब ही पाच-पन्नास रुपयांची कामे. पोचविण्याचा खर्चच वस्तूच्या किमतीला गाठतो, आणि वस्तू चुकीची निघाली तर परत पाठविण्यात वेळ जातो तो वेगळाच. शिवाय कॉटर पिन ही तर कानशीने घासून बसविण्याची वस्तू, ती जुळविणारा हातच हवा. दूधवाल्याची किंवा यंत्रमाग कामगाराची सायकल संध्याकाळी बंद पडली तर पहाटे त्याला ती हवी असते. चार दिवसांनी येणारे खोके त्याच्या काय कामाचे? या मालाचा मोठा भाग लुधियान्याहून येतो. तेथील गिल रोडची बाजारपेठ आणि दिल्लीचे झंडेवालान ही नावे आपल्या घाऊक व्यापाऱ्यांना पाठ आहेत. एकेकट्याने थोडा माल मागविण्यापेक्षा एका मोहल्ल्यातल्या चार-पाच दुकानदारांनी मिळून यादी केली तर भावही बरा पडतो आणि वाहतूकही वाटली जाते. मात्र पैसे कोणी किती घातले हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. दोस्ती टिकविण्याचा तो एकच मार्ग आहे.

गियरच्या सायकलींचे मात्र वेगळे आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा सायकली लहान शहरांतही दिसू लागल्या. त्यांचे शिफ्टर, डिरेलर, डिस्कचे पॅड घाऊक व्यापारी ठेवीत नाही, कारण त्याचे पैसे अडकून पडतात. येथे मोबाईल हा आपला शत्रू नसून गोदाम आहे. गोदामाचे भाडे आपल्याला पडत नाही, हे विसरू नये.

तरीसुद्धा असा महाग भाग मागविताना तो कोणाच्या नावावर मागवायचा, हा प्रश्न आमच्या मते महत्त्वाचा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही आले. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रार आल्यापासून ४८ तासांच्या आत पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा लागतो. माल कोणत्या देशात बनला हेही दाखवावे लागते. पण या कायद्याने 'ग्राहक' कोणाला म्हटले आहे ते पाहा. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा त्यात बसत नाही. म्हणजे आपण दुकानासाठी डिरेलर मागविला आणि तो नकली निघाला, तर ग्राहक म्हणून दाद मागण्याची वाट आपल्याला बंद. तोच डिरेलर गिऱ्हाइकाने स्वतःच्या नावावर मागविला असेल, तर ती वाट त्याला उघडी. स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी हत्यारे घेतली तर मात्र कायदा त्याला ग्राहकच मानतो. म्हणून पान्याचे किंवा चेन तोडण्याच्या हत्याराचे बिल जपून ठेवावे.

विक्रीची बाजूही थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ज्यांची उलाढाल जी.एस.टी. नोंदणीच्या मर्यादेखाली आहे असे छोटे दुकानदारही आपल्याच राज्यात, ठरावीक अटींवर, ऑनलाइन मंचांवरून माल विकू शकतात. त्याआधी अशा विक्रीसाठी नोंदणी सक्तीची होती. काळ्या सायकलींच्या रॉड ब्रेकचे भाग, डायनॅमो, चामडी सीट असा माल ज्यांच्या माळ्यावर धूळ खात पडला आहे, त्यांनी तो भंगारात देण्याआधी चौकशी करून पाहावी.

गिऱ्हाइकाने स्वतः माल मागवावा असे ठरले, की त्याला माप तोंडी सांगू नये. चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि त्या सल्ल्याची वीस-तीस रुपये फी पाटीवर लावावी. भाग बसविल्यावर ती मजुरीतून वजा करावी. चिठ्ठीवर टायरचा जोड आकडा असावा, चेनची रुंदी असावी, रिमची भोके असावीत, आणि जुन्या भागावर छापलेला नंबर जसाच्या तसा उतरवावा. पेडल असेल तर डावे की उजवे तेही लिहावे, कारण डाव्या पेडलच्या चुड्या उलट्या असतात. चिठ्ठीची एक प्रत आपल्या वहीत ठेवावी. खोके दुकानात आले की प्रथम चिठ्ठीशी ताडून पाहावे आणि मगच पाकीट फोडावे, कारण तेल लागलेला भाग परत घ्यायला कोणी तयार होत नाही.