‘एज्युबॅबल’ : अध्यापनातील बोजड परिभाषेस मिळालेल्या नावाची व्युत्पत्ती

प्रस्तावना :
प्रत्येक व्यवसायाला स्वतःची परिभाषा असते. तिच्यामुळे विचारविनिमय नेमका व थोडक्यात होतो. परंतु हीच परिभाषा अर्थ उलगडण्याऐवजी झाकू लागली की ती टीकेचा विषय होते. अध्यापनक्षेत्रातील अशा भाषेस इंग्रजीत ‘एज्युबॅबल’ असे उपरोधिक नाव आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या जडणघडणीचा विचार केला आहे.

शब्दाची घडण :
‘एज्युकेशन’ या शब्दाचा पूर्वार्ध आणि ‘बॅबल’, म्हणजे तान्ह्या मुलाची अस्फुट बडबड, यांच्या संयोगातून हा शब्द बनला आहे. रिचर्ड रोझेन यांच्या १९७७ च्या पुस्तकामुळे ‘सायकोबॅबल’ हा शब्द रूढ झाला. ‘टेक्नोबॅबल’ व ‘एज्युबॅबल’ हे त्याच धर्तीचे शब्द होत. निरर्थक ध्वनीची ही उपमा मात्र जुनी आहे. ‘जार्गन’ या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंच भाषेतील पक्ष्यांची किलबिल आहे. १९४४ मध्ये अमेरिकेतील मॉरी मॅव्हरिक यांनी सरकारी भाषेस टर्की पक्ष्याच्या आवाजावरून ‘गॉबल्डीगूक’ म्हटले.

‘एज्युबॅबल’ला दोन समानार्थी शब्दही आहेत. ‘एज्युकेशनीझ’मधील प्रत्यय ‘जॅपनीझ’, ‘चायनीज’ यांसारख्या भाषानामांतील असून तो ही भाषा परकी असल्याचे सुचवितो. ‘एज्युस्पीक’ हा शब्द ऑर्वेल यांच्या १९४९ च्या कादंबरीतील ‘न्यूस्पीक’ची आठवण करून देतो. पहिल्या नावात अर्थहीनतेची, दुसऱ्यात परकेपणाची व तिसऱ्यात विचार आखडल्याची तक्रार आहे.

परिभाषेचे अवमूल्यन :
दोष संज्ञेचा असतोच असे नाही. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे केले. मराठीत त्यांना ‘आकारिक’ व ‘संकलित’ म्हणतात. काम चालू असतानाच त्यात सुधारणा करण्यासाठी केलेले ते आकारिक, हा अर्थ सुस्पष्ट आहे. मात्र ‘आकारिक’ हा तक्त्यातील केवळ गुणांचा रकाना उरला, की सुधारणेचा हेतू लोपतो. शब्द तोच राहतो, पण विद्यार्थ्याचे काय चुकले हे त्याला कोणीच सांगत नाही.

समारोप :
संस्कृत व्याकरणात ‘परिभाषा’ म्हणजे इतर सूत्रांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा नियम. अर्थनिश्चिती हेच तिचे प्रयोजन होय. म्हणून एखादी संज्ञा वापरणाऱ्या प्राध्यापकास तीच गोष्ट विद्यार्थ्याला साध्या मराठीत सांगता येते का, ही तिची खरी कसोटी ठरते. ती उतरली तर परिभाषा, अन्यथा केवळ बडबड.